घराच्या अलीकडचा चौकोन

ऑफिसातून आलेल्या खेळांच्या पेटीत
एक बर्फाचं घर होतं, दोन पेंग्विन,
आणि बारा तुकड्यांच्या हत्तीचे अकराच तुकडे.
सोंडेच्या जागी आम्ही जूनपासून हात ठेवतो.
सोंड व्हायची पाळी सगळ्यांची येते.
हा खेळ पेटीवरच्या यादीत नाही.

बाकीचं सामान मी जवाहरनगरातून आणते,
शनिवारी, बालवाडी सुटल्यावर.
कापून उरलेलं चामडं
भैरूमामा बाजारच्या पिशवीत भरतात, वर विचारतात,
"बाई, पोरास्नी आत्तापास्नंच कामाला लावताय व्हय?"
आणि स्वतःच हसून
रापी पुन्हा चालवायला लागतात.

पुसलं, उन्हात ठेवलं, तरी
वर्गाला वास येतो तो येतोच.
पहिल्या दिवशी एका आईने दारातच नाकाला पदर लावला.
तिच्या हिंदवीने तोवर तुकडा
गालाला लावला होता.

मी शिकवत होते, हा गोल, हा त्रिकोण,
हा लंबगोल.
"लंबगोल न्हाई, कान हाय त्यो."
पृथ्वी. भैरूमामांचा नातू.
"चपलीचा कान. ही टाच. आन् ही येणी,
आज्जी घालती."
मी म्हटलं, कानानं काय ऐकते रे चप्पल?
शेंबूड वर ओढून त्याने नीट विचार केला.
"रस्ता."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात लंबगोल नाही.

बुधवारी नव्या पर्यवेक्षिका आल्या,
बत्तीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन.
आम्ही फरशीवर होतो. खडूचे तीस चौकोन,
रंकाळ्यावरून निघायचं,
म्हशी आडव्या आल्या की एक पाळी थांबायचं,
गंगावेशीत दूध प्यालात तर दोन उड्या पुढं,
तिसावा चौकोन घर.
फासा उद्यमनगरचा, अल्फियाच्या अब्बांनी घडवलेला,
अस्सल लोखंड.
कुणाच्या पायावर पडू नये म्हणून
मी त्याला लोकरीचा मोजा शिवलाय
आणि मोज्यावर बटणं, एक ते सहा.

पृथ्वी एकोणतिसाव्यात उभा. फासा पडला,
वर एकच बटण.
"जा की रं! जिंकलास की!"
सगळा वर्ग ओरडतोय
आणि हा हलत नाही.
मॅडमनी पेन उघडलं.
प्रश्न अकरावा : खेळाचा नियम समजतो का? होय किंवा नाही.
"काय रे, कळलं नाही का तुला?"
"कळलंय."
"मग?"
त्याने मागे बोट केलं.
चौदाव्या चौकोनात हिंदवी, म्हशींत अडकलेली,
वेणीची रिबीन चघळत.
"येकटं जाऊन काय करू तितं?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.
मी फाशाकडे.
शिक्षणशास्त्राची पदविका आहे माझ्याकडे, सतरा वर्षांची नोकरी आहे,
आणि मला त्या दोन शब्दांतला एकही
खोडता येईना.

पुढच्या पाळीला हिंदवीला दोन पडले.
मग तीन. मग गंगावेस, दूध, दोन उड्या,
तोवर खिचडी आली
आणि खेळ जिथल्या तिथं सोडून सगळे ताटल्यांकडे पळाले.
हिंदवीसुद्धा.
पृथ्वीची ताटली मी त्याच्या जागेवर नेऊन दिली.
तो उभ्यानेच जेवला.
मॅडम म्हणाल्या, अकरावा नंतर भरू.

दुपारी शेवंतामावशी फरशी पुसायला आल्या.
रंकाळा गेला, म्हशी गेल्या,
दुधाचा कट्टा बादलीत पिळला गेला.
एकोणतिसाव्याशी येऊन त्या थांबल्या,
आत खडूने काढलेली दोन पावलं होती,
कुठं उभा होतो ते उद्या विसरायला नको म्हणून
त्याने अल्फियाकडून काढून घेतलेली.
"ह्ये ठिवू का, बाई?"
ठेवा म्हटलं.
घर मात्र तोवर पुसून झालं होतं.